अकरा महिन्यांचा इतिहास

शाळेत इतिहास हा माझा कच्चा विषय होता. सनावळ्या पाठ होत नसत. म्हणून मी कॉमर्सला गेलो. तिथे सनावळ्या नसल्या तरी तारखा असतात आणि प्रत्येक तारखेला कुणीतरी कुणाचं तरी काहीतरी देणं लागत असतं, एवढाच काय तो फरक. यथावकाश बी. कॉम. झालो, बँकेत कारकून म्हणून चिकटलो आणि गेली वीस-बावीस वर्षं दुसऱ्यांचे पैसे मोजून संध्याकाळी स्वतःच्या घरी जातो. 'स्वतःच्या घरी' ही आपली म्हणायची पद्धत. घर भाड्याचं आहे. भोसरीत, गावठाणाच्या कडेला, दीड गुंठ्यावर उभ्या असलेल्या तीन मजली इमारतीत, दुसऱ्या मजल्यावर. एक हॉल, एक बेडरूम, एक स्वयंपाकघर. बेडरूममध्ये आई झोपते, हॉलमध्ये आम्ही दोघं आणि स्वयंपाकघरात दहावीची पुस्तकं उशाला घेऊन चिरंजीव. म्हणजे तसं पाहिलं तर बेडरूम तीन झाल्या; पण भाडं एकीचंच पडतं. हे गणित अजून घरमालकांच्या लक्षात आलेलं नाही.

मी इतिहासाकडे वळलो तो मामांमुळे. मामा सदाशिव पेठेत स्वतःच्या फ्लॅटमध्ये राहतात आणि इतिहास लकडी पूल ओलांडत नाही असं त्यांचं ठाम मत आहे. मागे ते बहिणीला भेटायला आमच्याकडे आले. नाशिक रस्त्यावरच्या ट्रकांनी त्यांचा रुमाल काळा केला होता. तो झटकत ते आईला म्हणाले, "अक्का, सारं आयुष्य कसब्यासारख्या ऐतिहासिक वस्तीत काढलंस आणि म्हातारपणी ही भोसरी? इथे लेथ मशिनखेरीज जुनं काय आहे?"

आई काही बोलली नाही. ती चहा गाळत होती. पण मला ते लागलं. बँकेत ग्राहक रोज बोलतात ते लागत नाही, कारण त्याचा पगार मिळतो. हे फुकटचं होतं.

मग मी रीतसर शोधाला लागलो. निघालं असं, की भोसरीचं जुनं नाव भोजापूर. गावात सांगतात की हे राजा भोजाचं गाव. भोजराजा खरंच इथवर आला होता की नाही या वादात मी पडत नाही. म्हणीत राजा भोजाच्या समोर जो इसम उभा असतो, त्या इसमाच्या वतीने मी इथे राहतो, एवढं मला पुरे आहे. इंग्रजांनी १८८५ साली पुणे जिल्ह्याचं जे गॅझेटियर छापलं, त्यात भोसरीच्या जुन्या मोठमोठ्या दगडांची दखल आहे. माणसाने लिहायला लागण्याआधी दगड उभे करून ठेवले, ते हे. हे मी मामांना फोन करून सांगितलं. म्हटलं, "मामा, सदाशिव पेठ ज्यांच्या नावाने आहे ते सदाशिवरावभाऊ पानिपतावर पडले १७६१ साली. शनिवारवाड्याची वास्तुशांत १७३२ची. तुमच्या सगळ्या पेठांना कवेत घेऊन खेळवील असं आमचं गाव आहे!"

मामा म्हणाले, "दगड आहेत ना? मग त्या दगडांत भाडेकरू कोण होते ते सांग."

मामा रेल्वेतून निवृत्त झालेले आहेत. बोलण्यात त्यांना हरवणं कठीण.

पण हा प्रश्न मात्र मनात राहिला. कारण वस्तीचा इतिहास म्हणून आपण जो वाचतो तो बांधणाऱ्यांचा असतो. राहणाऱ्यांचा नसतो. पेशवाईत नवी पेठ वसवायची म्हणजे शेटे-महाजन नेमत, आणि जो येऊन वसेल त्याला काही वर्षं कर माफ असा कौल देत. कौल कुणी दिला त्याची नोंद दप्तरात आहे. पण तो ऐकून जे कासार, तांबट, साळी, माळी बोचकी घेऊन आले, त्यांतल्या कुणाच्या बायकोने पहिल्या रात्री चूल कुठे मांडली, ते कुठे लिहिलेलं आहे?

आमच्या घरी एक दप्तर आहे. ते तारेत आहे. खाली लाकडी चकती, वर आकडा, आणि मध्ये खोवलेल्या घरभाड्याच्या पावत्या. सर्वांत खालची पावती १९४६ सालची. त्या साली आमचे आजोबा वाईहून पुण्याला आले आणि कसब्यातल्या एका वाड्यात दोन खणांची खोली त्यांनी सात रुपये भाड्याने घेतली. आजोबा चौथी पास. पण सही अशी झोकदार करत की सात रुपये मिळाल्याची पावती घेताना सातशेची घेतल्यासारखं वाटावं.

पुढच्याच वर्षी सरकारने कायदा केला : मुंबई भाडे नियंत्रण कायदा, १९४७. त्यात १ सप्टेंबर १९४० या दिवशी जे भाडं होतं ते प्रमाण मानलं. आमच्या खोलीचं त्या दिवशीचं भाडं सात रुपयेच होतं. युद्धानंतरची टंचाई होती, निर्वासितांचे लोंढे येत होते, घरमालकांनी भाडेकरूंना पिळू नये म्हणून हा तात्पुरता बंदोबस्त होता. हा 'तात्पुरता' शब्द कॉमर्सच्या माणसाने जपून वाचावा. हा तात्पुरता कायदा मुदती वाढवत वाढवत बावन्न वर्षं टिकला. एवढा टिकाऊ माल पुण्यात दुसरा एकच, तो म्हणजे दुपारची झोप.

त्या बावन्न वर्षांत जग बदललं, फक्त आमचं भाडं बदललं नाही. करबिर धरून ते अकरा रुपयांवर गेलं आणि तिथे थांबलं. १२ जुलै १९६१ला पानशेत फुटलं तेव्हा पाणी आमच्या जिन्याच्या सातव्या पायरीपर्यंत आलं होतं, असं आजी सांगे. वाडा वाचला, पण त्याच्या मातीच्या भिंती आतून भिजल्या त्या पुन्हा कधी पुरत्या वाळल्या नाहीत. डागडुजीसाठी वडील मालकांकडे जात. मालक म्हणत, "नऊ बिऱ्हाडांचं मिळून भाडं येतं शंभराच्या आत. त्यात गवंडी सकाळचा चहा पिऊन निघून जाईल." हे खोटं नव्हतं. महिन्याच्या महिन्याला मालक स्वतः धोतराचा सोगा सावरत आमच्या जिन्याने वर येत, आई त्यांना चहा आणि दोन खारी देई, आणि ते पावती फाडत. पुढेपुढे चहा-खारीचा खर्च भाड्याच्या निम्म्यावर गेला. म्हणजे निव्वळ हिशोबाने पाहिलं तर मालक आमच्याकडे साडेपाच रुपयांसाठी तीन मजले चढत होते.

लहानपणी मला ते खलनायक वाटायचे. आता वाटतं, दोन्ही पक्षांना एकाच खोलीत कोंडून सरकार किल्ली हरवून बसलं होतं. १९९७च्या डिसेंबरात सर्वोच्च न्यायालयानेही म्हटलं की भाडी अशी वर्षानुवर्षं गोठवून ठेवणं वाजवी नाही. मग १९९९चा नवा महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा आला, तो ३१ मार्च २०००ला लागू झाला आणि मालकांना वर्षाला चार टक्के वाढ मिळाली. अकरा रुपयांवर चार टक्के म्हणजे चव्वेचाळीस पैसे. मालक त्या वर्षी जिना चढून आले, खुर्चीवर बसले, आणि चव्वेचाळीस पैसे मागण्याचा त्यांना धीर झाला नाही. चहा पिऊन गेले.

मी बँकेत लागलो त्या वर्षीच्या पावसाळ्यात वाड्याची मागची भिंत पडली. रात्रीची वेळ असून माणसं वाचली. नऊ बिऱ्हाडांनी नऊ दिशा धरल्या. पुढे मालकांनी आणि भाडेकरूंनी आपसांत मिटवलं. वडिलांनी जी रक्कम घेतली त्यात तेव्हा पुण्यात न्हाणीघर आलं असतं, बाकीचं घर नव्हे. सत्तावन्न वर्षांची वहिवाट एका चेकने संपली. तो चेक मीच माझ्या काउंटरवर वटवला.

तेव्हापासून आम्ही अकरा महिन्यांच्या युगात आहोत.

हे 'अकरा' कुठून आले, हे मी एकदा करार करायला आलेल्या एजंटला विचारलं. तो म्हणाला, "साहेब, अकराच असतात." ज्ञानी माणूस दिसला. खरी हकिकत अशी, की १९०८च्या नोंदणी कायद्यात एका वर्षाहून जास्त मुदतीचा भाडेपट्टा नोंदवणं सक्तीचं होतं. नोंदणीचा खर्च आणि हेलपाटे वाचवायला लोकांनी बारातून एक वजा केला. पुढे १ फेब्रुवारी १९७३ रोजी जे लोक 'लीव्ह अँड लायसन्स'वर राहत होते त्यांना सरकारने एका फटक्यात संरक्षित भाडेकरू करून टाकलं. त्याचा धसका मालकांनी असा घेतला की अनेकांनी जागा कुलूप लावून ठेवल्या, पण माणूस ठेवला नाही. १९९९च्या कायद्याने ती भीती काढली : मुदत संपली की राहणाऱ्याने निघायचं, नाही निघाला तर दुप्पट दराने भरपाई. आणि त्याच कायद्याने सांगितलं की करार कितीही महिन्यांचा असो, तो लेखी हवा आणि नोंदवलेलाच हवा. म्हणजे अकराचं कारण २०००मध्येच संपलं. अकरा मात्र राहिले. मुदत संपल्यावरही जागा न सोडणारा असा पोटभाडेकरू दुसरा नाही.

आता तर एजंट घरी यंत्र घेऊन येतो आणि अंगठा घेतो. चौथी पास आजोबा सही करत, बी. कॉम. नातू अंगठा उठवतो. शिक्षणाची प्रगती ती हीच.

या युगात आम्ही सात घरं बदलली. वडील पाचव्या घरात गेले. आईने एक गोष्ट मात्र पहिल्या घरापासून केली. वाड्यातून आणलेली लोखंडी पेटी तिने उघडलीच नाही. तिच्यात पितळी डबे, वेळण्या, घंगाळ, पुरणयंत्र असा सगळा तिचा संसार. दर घरात पेटी कॉटखाली जाई आणि अकरा, बावीस किंवा तेहतीस महिन्यांनी तशीच बाहेर येऊन टेम्पोत बसे. सौ. म्हणे, "आई, निदान डबे तरी काढू या." आई म्हणे, "काढू गं. जरा स्थिर झालो की काढू."

मग माझी भोसरीच्या शाखेत बदली झाली आणि आम्ही आठव्या घरात आलो.

भोसरी हे गाव भाड्याने देण्यात मुरलेलं आहे. १९६२ साली महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ निघालं, इथल्या माळावर कारखाने आले. १९७०मध्ये पिंपरी, चिंचवड, आकुर्डी आणि भोसरी या चार गावांची मिळून नवनगरपालिका झाली, १९८२मध्ये महानगरपालिका. जुन्या पेठांसारखाच हाही एक कौल होता. फक्त तो ऐकून मराठवाडा, खानदेश, विदर्भापासून पार उत्तर प्रदेश-बिहारपर्यंतची माणसं आली. आणि ती येऊन राहिली कुठे, तर ज्यांची रानं गेली त्यांच्याच घरांत! इथे 'साडेबारा टक्के' म्हटलं की मी सवयीने कर्जाचा व्याजदर समजलो होतो. तो व्याजदर नसून, प्राधिकरणात गेलेल्या जमिनीच्या बदल्यात विकसित जमीन परत मिळण्याचा हिस्सा आहे, हे मला काउंटरवर एका आजोबांनी पाऊण तास समजावून सांगितलं. मागची रांगही शांतपणे ऐकत होती. ज्याच्यात्याच्या घरचाच विषय होता.

आमचे घरमालक आबा, उमेदीत तालमीत घाम गाळलेला गडी. त्यांच्या आई, सगळे त्यांना बाई म्हणतात, पंच्याऐंशीच्या पुढे, तळमजल्यावर उंबऱ्यात बसलेल्या असतात. आमच्या आईला त्यांनी पहिल्याच दिवशी हाक मारली, "ए पोरी, वर काय करती एकली? खाली ये." आई बहात्तर वर्षांची. तिला 'पोरी' म्हणणारं माणूस जगात उरलं नव्हतं. ती तशीच चष्मा पुसत खाली गेली, ती जेवायलाच वर आली.

बाईंच्या तोंडून मला मामांच्या प्रश्नाचं उत्तर मिळालं. "ह्या जाग्यावर आदी गोठा व्हता," त्या सांगत. "रान गेलं तवा बैलं इकली. मंग ह्यांनी गोठ्यावर पत्रं टाकून चार खोल्या काढल्या. धा बाय धा. येका खोलीत सा-सा पोरं. कुनी पयल्या पाळीला, कुनी दुसऱ्या, कुनी रातच्या. खाटा दोनच. खाट कंदी गार पडली न्हाय बग."

मी विचारलं, "बाई, तुमचं रान कुठे होतं?"

त्यांनी एमआयडीसीच्या दिशेने हात केला. "जे ब्लॉकात. आमची हीर तितंच हाय कुटंतरी, भोंग्याच्या खाली. लई गोड पानी." आणि मग हसून म्हणाल्या, "आता पानी टँकरचं नि रान तुमचं भाडं. तेच पिकतंय, तेच खातोय."

इतके दिवस मी स्वतःला बेघर आणि त्यांना मालक समजत होतो. आमची एक खोली गेली तर मी वीस वर्षं त्याची कहाणी सांगतो. या बाईची विहीर गेली, आणि ती उंबऱ्यात बसून लसूण सोलते.

त्या वर्षी भैरवनाथाच्या उत्सवात बाईंच्या घरी पाहुण्यांची झुंबड उडाली आणि ऐन वेळी त्यांचं पुरणयंत्र मोडलं. बाई खालून ओरडल्या, "पोरी, तुज्याकडं हाय का गं?" आई क्षणभर थांबली. मग मला म्हणाली, "पेटी ओढ बाहेर."

वीस वर्षांनी कुलूप उघडलं. पुरणयंत्र खाली गेलं. पण पेटी पुन्हा बंद झाली नाही. दुसऱ्या दिवशी बघतो तर पितळी डबे चिंच लावून घासलेले, स्वयंपाकघराच्या फळीवर ओळीने मांडलेले. सौ. माझ्याकडे बघून काही बोलली नाही, मीही बोललो नाही. चिरंजीव तेवढे म्हणाले, "आता मी पुस्तकं कुठे ठेवू?"

आणि नेमक्या दहाव्या महिन्यात आबांनी मला जिन्यात गाठलं. "साहेब, जरा बोलायचं होतं. नातवाचं लगीन ठरतंय. जागा लागंल असं वाटतंय."

त्यांचं चूक काहीच नव्हतं. घर त्यांचं, नातू त्यांचा, करारात कलम स्पष्ट. मी 'हो, हो, बरोबर आहे' म्हणत वर आलो आणि हॉलमध्ये बसून त्या डब्यांकडे बघत राहिलो. आईला सांगायचं कसं? दोन दिवस मी सांगितलं नाही. गुपचूप लांडेवाडी, दिघी रस्ता, इंद्रायणीनगर इथे जागा बघत फिरलो. पीसीएमटी चौकात एक एजंट भेटायचा. ती पीसीएमटी २००७ साली पीएमपीएमएलमध्ये विलीन झाली, बसवरचं नाव गेलं, पण चौकाला जागा खाली करायची नोटीस कुणी दिलेली नाही. मला त्या चौकाचा हेवा वाटला.

तिसऱ्या दिवशी घरी आलो तर आई खालीच होती. बाईंसमोर आबा मान खाली घालून उभे. एवढा पैलवान माणूस, पण आईपुढे चितपट.

"पोरीनं डबं मांडल्यात," बाई म्हणत होत्या, "आन् तू तिला उटीवतो? नव्या पोरांना वरचा मजला दे. गच्चीवर हवा हाय. त्यांना कशाला पायजे दुसरा मजला!"

आईला सगळं आधीच माहीत होतं. बायकांचं उंबऱ्यातलं गॅझेटियर आमच्या गॅझेटियरच्या पुष्कळ पुढे असतं.

करार झाला. अकरा महिने. भाडं दहा हजारांचं साडेदहा हजार. मी सवयीने मनात भागाकार केला : आमच्या एका महिन्याच्या भाड्यात आजोबा कसब्यात साडेएकोणऐंशी वर्षं राहिले असते. एजंटने अंगठे घेतले. मी मोबाइलवरून पैसे पाठवले. आबांच्या खिशात टुंग वाजलं. व्यवहार पुरा.

"पावती?" आई म्हणाली.

मी म्हटलं, "अगं आई, ते मोबाइलमध्ये आलंय सगळं. बँकेत नोंद आहे."

"बँकेचं मला सांगू नकोस. पावती हवी."

आबांनी एकदा माझ्याकडे पाहिलं, एकदा आपल्या आईकडे. मग नातवाच्या वहीचं पान फाडून, खाली वाकून, मोठ्या कष्टाने त्यांनी लिहिलं : 'भाडे रुपये साडेदहा हजार मिळाले. भोसरी.' खाली तारीख आणि सही.

आईने तो कागद दोनदा वाचला. मग तार काढली आणि कसब्याच्या पावत्यांवर तो खोवला. मधली वीस वर्षं रिकामी. त्या सात घरांची पावती कुणी दिली नव्हती, आणि आईनेही मागितली नव्हती.

मामांना मी अजून फोन केलेला नाही. दगडांतले भाडेकरू कोण होते हे मला अजूनही सांगता येणार नाही. पण दोन मजल्यांखालचे सापडलेत. पुढच्या वर्षी अकरा महिने संपतील तेव्हा आबा पुन्हा जिन्यात गाठतील, नाही असं नाही. गच्चीवरच्या जोडप्याला तोवर पाळणा बांधायला जागा लागेल. ते पाहून घेऊ. तूर्त चिरंजीवांच्या पुस्तकांसाठी एक जागा सापडली आहे. कॉटखालची पेटी आता रिकामी आहे.